मानेतील चीर आणि मेंदूवरील ठिपके

पक्षाघात हा उतारवयाचा आजार आहे, अशी आपली रूढ समजूत आहे आणि ती पुष्कळ अंशी खरीही आहे. डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत मुंबईच्या एका विभागातील रहिवाशांची पाहणी केली. तीत पंचवीस वर्षांवरील दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला झटका आल्याचे आढळले आणि त्या रुग्णांचे सरासरी वय ६६ वर्षे होते. ठाणे, कल्याण वा डोंबिवलीच्या एखाद्या पेढीवर पक्षाघाताचा विषय निघाला की बोलणे रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीकडे वळते ते त्यामुळेच.

परंतु चाळिशीतील माणसाला, ज्याला ना मधुमेह आहे ना रक्तदाब, झटका येतो तेव्हा हा हिशेब जुळत नाही. अशा वेळी डॉक्टर ज्या कारणांचा शोध घेतात त्यांत मानेतील धमनीला पडलेली चीर हे एक ठळक कारण असते. वैद्यकीय भाषेत तिला ‘डिसेक्शन’ म्हणतात. रक्तवाहिनी तुंबून आलेल्या एकंदर झटक्यांत तिचा वाटा शेकडा दोनच्या आसपास आहे. मात्र पन्नाशीच्या आतील रुग्णांपुरते पाहिले तर हा वाटा चौथा-पाचवा हिस्सा इतका वाढतो. दुकान ज्याच्या खांद्यावर उभे आहे, मुलांची शिक्षणे व्हायची आहेत आणि कर्जाचे हप्ते चालू आहेत, अशा वयाच्या माणसाला गाठणारा हा आजार आहे.

मेंदूला रक्त पोहोचवणाऱ्या चार मोठ्या धमन्या मानेतून वर जातात. पुढच्या बाजूने दोन कॅरोटिड जातात आणि मागून, मणक्यांच्या हाडांतील छिद्रांमधून, दोन व्हर्टिब्रल जातात. धमनीची भिंत एकसंध नसून तिला तीन थर असतात. आतला थर फाटला की रक्त त्या फटीतून भिंतीच्या थरांमध्ये शिरते, तेथे साकळते आणि भिंत आतल्या बाजूस फुगते. दुहेरी अस्तराच्या कोटाचे अस्तर उसवावे आणि त्यात हात अडकावा, तसा हा प्रकार असतो. त्यामुळे दोन संकटे उभी राहतात. नळी अरुंद होते किंवा पूर्ण बंद पडते, हे पहिले. फाटलेल्या जागेवर रक्ताची गुठळी धरते आणि तिचे तुकडे सुटून प्रवाहाबरोबर वर मेंदूत जाऊन अडकतात, हे दुसरे. या आजारातील बहुतेक झटके दुसऱ्या मार्गाने येतात. उपचाराचा सारा विचार पुढे गुठळीभोवती फिरतो, त्यामागचे कारण हेच आहे.

चीर पडते कशाने? अपघातात मानेला बसलेला जबर हिसका हे उघड कारण झाले. परंतु पुष्कळदा कारण इतके क्षुल्लक असते की रुग्णाला ते आठवतही नाही. जोराचा खोकला, उलट्या, जड ओझे उचलताना बसलेली ओढ, बराच वेळ मान मागे टाकून केलेले काम, यांपैकी काहीही पुरते. काहींच्या धमन्यांची भिंत जन्मतःच नाजूक असते. अर्धशिशी असणाऱ्यांत आणि नुकताच संसर्गजन्य ताप येऊन गेलेल्यांत हे प्रमाण थोडे अधिक आढळते. अनेकांच्या बाबतीत तर कोणतेच कारण हाती लागत नाही. त्याला ‘आपोआप पडलेली चीर’ असे म्हणून पुढे जावे लागते.

केशकर्तनालयात मालिश झाल्यावर मान एका झटक्यात वळवून ‘कट्’ असा आवाज काढण्याची जी प्रथा आहे, तिचा उल्लेख येथे टाळता येत नाही. २०२४ साली कर्नाटकातील बल्लारी येथील एका तरुणाला अशाच मालिशीनंतर काही तासांनी पक्षाघात झाल्याचे वृत्त आले होते. तपासणीत त्याच्या कॅरोटिड धमनीत चीर आढळली. त्याआधी २०२२ मध्ये हैदराबाद येथील एका मेंदूविकारतज्ज्ञाने ब्युटी पार्लरमध्ये केस धुताना मान बराच वेळ मागे टेकल्यामुळे झटका आलेल्या महिलेची हकिकत प्रसिद्ध केली होती. हा दुसरा प्रकार नवा नाही. अमेरिकेतील डॉ. वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्येच त्याला ‘ब्युटी पार्लर स्ट्रोक’ असे नाव दिले होते. रोज हजारो माणसे मान मोडून घेतात आणि त्यांना काहीही होत नाही, हेही तितकेच खरे. तरीही ज्या सेवेचा लाभ क्षणभराच्या आरामापलीकडे नाही, तिच्यासाठी ही जोखीम पत्करणे व्यापारी हिशेबातही बसत नाही. कारागिराला ‘मालिश चालेल, मान वळवू नका’ इतके सांगितले की पुरते. त्यात त्याचा अवमान होत नाही.

कल्याणच्या बाजार समितीत पोती हलविणारे, जांभळी नाक्यावर माळ्यावरून माल उतरवणारे, कापडाचे तागे डोक्यावर वाहणारे यांची मान रोजच दुखते. प्रत्येक मानदुखीला धमनीची चीर समजू लागलो तर दुकाने बंद ठेवावी लागतील. मग वेगळी मानदुखी ओळखायची कशी? ती बहुधा अचानक सुरू होते, एकाच बाजूला असते आणि ‘असे पूर्वी कधी दुखले नव्हते’ असे रुग्ण स्वतःच सांगतो. पुढची धमनी फाटली असेल तर कळ जबडा, चेहरा वा डोळ्याभोवती येते आणि मागची फाटली असेल तर मानेच्या मागे व डोक्याच्या पिछाडीला येते. काही रुग्णांत त्या बाजूची पापणी किंचित खाली झुकते आणि त्या डोळ्यातील बाहुली लहान होते. कॅरोटिडच्या भिंतीलगत जाणाऱ्या नसांवर दाब आल्याची ती खूण असते. आरशात पाहताना ती दिसते, पण झोप अपुरी झाली असेल म्हणून सोडून दिली जाते. कधी कानात नाडीच्या ठोक्याबरोबर घुमणारा आवाज येतो. दुखणे सुरू झाल्यापासून झटका येईपर्यंत काही तास, कधी काही दिवस, क्वचित त्याहून अधिक काळ जातो. एवढ्या अवधीत निदान झाले तर झटका टाळता येण्याची संधी असते. दुर्दैवाने हाच काळ बाम चोळण्यात आणि उशी बदलण्यात निघून जातो.

प्रत्यक्ष झटक्याची लक्षणे आता बहुतेकांना ठाऊक आहेत: तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोबडी वळणे. मागच्या धमनीचा झटका मात्र या यादीत सहज बसत नाही. त्यात तोल जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, गिळताना ठसका लागतो, गरगरते, उचक्या थांबत नाहीत. ‘पित्त झाले’ म्हणून लिंबू-सरबत देण्याची घाई होते ती येथेच.

रुग्णालयात पोहोचल्यावर तपासण्यांची जी रांग लागते, तिच्यामुळे नातेवाईक गोंधळून जातात. सीटी झाला, मग पुन्हा इंजेक्शन देऊन सीटी कशासाठी? आणि त्यानंतर एमआरआयची गरज काय? प्रत्येक तपासणी निराळ्या प्रश्नाचे उत्तर देते. पहिला साधा सीटी फक्त एवढेच विचारतो की मेंदूत रक्तस्राव आहे काय. गुठळी विरघळविणारे औषध देण्यापूर्वी हे कळणे अनिवार्य असते. नळी तुंबून आलेल्या झटक्यात हा सीटी पहिल्या काही तासांत अगदी स्वच्छ दिसू शकतो. ‘सीटी नॉर्मल आहे, घरी चला’ हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा असतो. दुसरी तपासणी सीटी ॲन्जिओग्राफी होय. शिरेतून आयोडिनयुक्त द्रव सोडून छातीपासून डोक्यापर्यंतच्या धमन्यांचे चित्र घेतात. नळी कोठे निमुळती झाली, कोठे बंद पडली, हे त्यात दिसते. मूत्रपिंडाचा विकार वा आयोडिनची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगितले पाहिजे. डॉपलर सोनोग्राफी सोपी असली तरी कवटीच्या तळाशी असलेला कॅरोटिडचा भाग आणि हाडांच्या आड लपलेली व्हर्टिब्रल तिला नीट दिसत नाही. केवळ डॉपलरवर विसंबून ‘चीर नाही’ असे म्हणता येत नाही.

एमआरआय दोन कामे करतो. मानेच्या एमआरआयमध्ये चरबीचा उजेड दाबून टाकणारी एक खास पद्धत वापरली तर धमनीच्या भिंतीत साकळलेले रक्त चंद्रकोरीसारखे चमकते. हा या आजाराचा सर्वांत बोलका पुरावा मानला जातो. मात्र पहिले दोन-तीन दिवस ही कोर उजळलेली नसण्याची शक्यता असते. मेंदूच्या एमआरआयमधील ‘डिफ्युजन’ नावाची पद्धत रक्ताविना तडफडणाऱ्या पेशी अल्पावधीतच पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने दाखवते. हिशेबनिसाच्या भाषेत बोलायचे तर मानेचे चित्र हा ताळेबंद आहे आणि मेंदूचे चित्र ही रोजकीर्द. ताळेबंदावरून नळीची आजची स्थिती कळते. गुठळ्यांचे तुकडे वर जाऊन आजपर्यंत किती नुकसान झाले, ते रोजकिर्दीतच सापडते. कधी कधी रुग्णाला काहीही जाणवलेले नसते आणि चित्रात मात्र दोन-तीन ताजे ठिपके असतात.

धमन्यांची चित्रे घेण्याच्या या विद्येत मुंबईचाही वाटा आहे, हे फारसे ठाऊक नसते. जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्यांचे पहिले चित्र पोर्तुगालच्या एगास मोनिज यांनी १९२७ मध्ये घेतले. सीटी तर १९७१ मध्ये आला. त्याच्याही आधी, १९६५ मध्ये, डॉ. दलाल, शहा, शेठ आणि देशपांडे या मुंबईच्या डॉक्टरांचा एक निबंध ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मेंदूच्या धमनीत अडकलेली गुठळी पहिल्या चित्रात दिसावी आणि नंतरच्या चित्रात ती आपोआप विरघळलेली असावी, असे त्यांनी नोंदवले होते. आज गुठळी विरघळविणारी औषधे साडेचार तासांच्या आत देण्याचा जो आग्रह आहे, त्यामागील मूळ कल्पनेशी, म्हणजे गुठळी कायमची नसते या विचाराशी, हे निरीक्षण जुळते. मानेतील चिरेपायी आलेल्या झटक्यातही योग्य रुग्णाला ही औषधे दिली जातात.

पुढचा प्रश्न उपचाराचा. ॲस्पिरिनसारखे औषध द्यावे की वॉरफेरिनसारखे रक्त पातळ करणारे अधिक जोरकस औषध? या प्रश्नावर तीस-चाळीस वर्षे केवळ मते होती, पुरावा नव्हता. ‘कॅडिस’ नावाच्या चाचणीत ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील २५० रुग्ण घेण्यात आले आणि तिचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला. तीन महिन्यांत पहिल्या गटातील १२६ पैकी तिघांना व दुसऱ्या गटातील १२४ पैकी एकाला नवा झटका आला. एवढ्या अल्प फरकावरून काहीच सिद्ध होत नव्हते. या चाचणीतील दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. सर्व चित्रे एका ठिकाणी मागवून तज्ज्ञांनी फेरतपासणी केली तेव्हा २५० पैकी ५२ जणांच्या चित्रांत चीर असल्याची खात्रीच पटली नाही. हे लेखापरीक्षण बँकेत झाले असते तर केवढी खळबळ उडाली असती! शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाला चित्रे दाखविणे हा डॉक्टरांवरील अविश्वास नव्हे, हे यावरून लक्षात यावे.

२०२१ मध्ये ‘ट्रीट-कॅड’ ही चाचणी प्रसिद्ध झाली. स्वित्झर्लंड, जर्मनी व डेन्मार्क या देशांत ती झाली. तिने पहिल्यांदाच झटक्यांबरोबर एमआरआयवरील ठिपकेही मोजले. नियमानुसार उपचार पूर्ण केलेल्यांत ॲस्पिरिन घेणाऱ्या ९१ पैकी २१ जणांत आणि वॉरफेरिनच्या जातीची औषधे घेणाऱ्या ८२ पैकी १२ जणांत झटका, मोठा रक्तस्राव, मृत्यू वा चित्रावरील नवे नुकसान यांपैकी काहीतरी आढळले. नव्या झटक्यांचे सातही रुग्ण ॲस्पिरिनच्या गटातील होते. ॲस्पिरिन दुसऱ्या औषधाच्या तोडीचे आहे असे या चाचणीने सिद्ध होऊ शकले नाही, एवढेच म्हणता येते. चाचणी लहान होती. 

२०२४ मध्ये १६ देशांतील ३,६३६ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास आला. १८० दिवसांत १६२ जणांना, म्हणजे शेकडा साडेचारांहून किंचित कमी रुग्णांना, नवा झटका आला. त्यांतील ८७ टक्के झटके पहिल्या ३० दिवसांतच आले होते. धमनी पूर्ण बंद पडलेल्यांना जोरकस औषधाचा लाभ अधिक दिसला. पहिल्या महिन्यानंतर मात्र त्याच औषधाने रक्तस्रावाची जोखीम वाढलेली दिसली. या आकड्यांचा अर्थ घरच्यांनी असा घ्यावा की जोखीम आरंभी सर्वांत मोठी असते आणि मग झपाट्याने उतरते. मेंदूवर ठिपके आहेत काय, नळी बंद आहे काय, चीर कवटीच्या आत पोहोचली आहे काय, या तीन उत्तरांवर डॉक्टर औषध ठरवतात. चीर कवटीच्या आत गेली असेल तर मेंदूभोवती रक्तस्रावाची भीती असते आणि जोरकस औषध देताना हात आखडावा लागतो. शेजाऱ्याला कोणते औषध दिले याची चौकशी येथे निरुपयोगी आहे.

औषधांच्या बाबतीत जैन घरांपुढे काही खास प्रश्न उभे राहतात आणि डॉक्टर ते आपणहून विचारतीलच असे नाही. वॉरफेरिनचा परिणाम आहारातील ‘के’ जीवनसत्त्वावर अवलंबून असतो आणि हे जीवनसत्त्व पालक, मेथी, कोथिंबीर, कोबी यांत भरपूर असते. चातुर्मासात पालेभाजी बंद झाली किंवा अष्टमी-चतुर्दशीला हिरवे वर्ज्य केले की तेच औषध, तितक्याच मात्रेत, अधिक जोराने काम करू लागते आणि रक्तस्राव होऊ शकतो. पारण्यानंतर उलट घडते. आहारात बदल करायचा तर आधी डॉक्टरांना कळवावा आणि आयएनआर ही रक्ततपासणी त्या दिवसांत लवकर करून घ्यावी. सामान्यतः ती दोन व तीनच्या दरम्यान राखतात. चौविहार पाळणाऱ्यांनी दिवसातून एकदा घ्यावयाचे औषध आहे की दर बारा तासांनी, हे विचारून घ्यावे. सूर्यास्तानंतरची मात्रा परस्पर वगळणे फार धोक्याचे आहे.

दुसरा प्रश्न नाजूक आहे. रुग्णालयात आरंभी दिले जाणारे हेपॅरिन व त्याच्या जातीची इंजेक्शने डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनवतात आणि बहुतेक कॅप्सूलची वेष्टणे जिलेटिनची असतात. ॲस्पिरिन व वॉरफेरिन ही द्रव्ये रासायनिक प्रक्रियेने तयार होतात. आपली अडचण डॉक्टरांना स्पष्ट सांगितली तर कित्येकदा पर्याय निघतो, कधी निघत नाही. पच्चक्खाणातही आजारपणासाठी आगार ठेवलेला असतो, हे साधू-साध्वींकडून समजून घेता येते. घरातील वडीलधाऱ्यांनी हा विषय निवांत वेळी बोलून ठेवला तर रुग्ण अतिदक्षता विभागात असताना दाराबाहेर वाद होणार नाही. त्या रात्री मिनिटांना मोल असते.

मिनिटांचा विषय निघालाच आहे तर प्रवासाचेही पाहिले पाहिजे. डोंबिवलीहून ठाण्याला किंवा कल्याणहून मुंबईला जायचे तर शिळफाट्याची वा महामार्गाची कोंडी कोणत्या वेळी किती खाईल, याचा भरवसा कोणी देत नाही. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिकांची रुग्णालये आणि जवळची खासगी रुग्णालये सर्वांना ठाऊक असतात. ठाऊक नसते ते एवढेच की त्यांपैकी कोठे रात्री दोन वाजता सीटी ॲन्जिओग्राफी होते आणि मेंदूविकारतज्ज्ञ बोलावल्यावर येतो. एका सुट्टीच्या दिवशी तीन-चार ठिकाणी दूरध्वनी करून ही माहिती काढावी आणि १०८ या रुग्णवाहिकेच्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवावी. लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली, हेही घड्याळ पाहून टिपून ठेवावे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

विम्याचे दोन शब्द. केवळ बाह्यरुग्ण म्हणून केलेला एमआरआय पुष्कळ मेडिक्लेम पॉलिसींत बसत नाही. मात्र त्यानंतर त्याच आजारासाठी दाखल व्हावे लागले तर आधीच्या ठरावीक दिवसांतील खर्च मागता येतो, म्हणून पावत्या फेकू नयेत. विमा नियामकाने २०२४ मध्ये रोकडरहित उपचाराच्या पूर्वपरवानगीचा निर्णय एका तासात आणि सुटीच्या वेळचा तीन तासांत द्यावा असे बंधन घातले आहे.

औषधे साधारणतः तीन ते सहा महिने चालतात आणि त्या सुमारास मानेची चित्रे पुन्हा घेतात. अरुंद झालेल्या धमन्या बहुतेक वेळा पूर्ववत होतात. पूर्ण बंद पडलेल्या धमन्या उघडण्याचे प्रमाण मात्र त्याहून कमी असते. भिंतीला राहिलेला फुगवटा सहसा त्रास देत नाही. पोती उचलणे, मान मोडून घेणे, जत्रेतील वेगवान पाळणे हे तोवर बंद. दुसऱ्या चित्राची तुलना पहिल्याशी करायची असते, म्हणून अहवालाच्या कागदाबरोबर मूळ चित्रांची सीडी रुग्णालयातून मागून घ्यावी आणि दुकानाच्या दस्तऐवजांसारखी जपून ठेवावी.